शांत दिसणारे घोडे

घोडा दान करायचा आहे, असं सांगणारे फोन आमच्या केंद्राकडे वरचेवर येतात. मुलगी कॉलेजला गेली, आता त्याच्यावर बसायला कुणी नाही. शर्यतीतून निवृत्त झालाय, ठेवायला जागा नाही. पुढच्या पायाने जरा लंगडतो, पण स्वभावाने इतका गरीब की पोटाखालून लहान मूल रांगत गेलं तरी हलणार नाही. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. अपंग मुलांना पाठीवर घेऊन रिंगणात सावकाश फेऱ्या मारायच्या, एवढं काम म्हातारा, लंगडा, कशानेही न बिचकणारा घोडा सहज करील, अशी त्याची साधी समजूत असते. खरं तर घोड्याला दिल्या जाणाऱ्या कामांत याहून कठीण काम क्वचितच असेल. पारखायला आणलेल्या घोड्यांपैकी बरेचसे आम्ही परत पाठवतो.

हे केंद्र ओहायोमध्ये, कोलंबसच्या बाहेर, मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये आहे. मी तिथे स्वयंसेवक आहे. आधी घोड्याच्या बाजूने चालत स्वाराची मांडी धरून ठेवायचं काम केलं, मग घोडा धरायला शिकले, आणि आता नवे घोडे पारखणाऱ्या, असलेल्यांची निगा राखणाऱ्या गटात आहे. साताऱ्याच्या माझ्या नातेवाइकांना याचं नवल वाटतं. आमच्या घरात घोडा कधी नव्हता.

लंगडा घोडा का चालत नाही, हे कळलं की हा सगळा उपचारच कळतो. घोडा नुसता कदम टाकत चालला तरी त्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलत असते. त्या पाठीवर बसलेल्याची कंबर तशीच हलते, आणि ती हालचाल माणूस स्वतः चालताना कमरेची जी हालचाल होते तिच्याशी फार जुळते. ज्या मुलाने आयुष्यात कधी पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या पाठीच्या कण्याला, पोटाच्या स्नायूंना चालणं म्हणजे काय ते घोड्याच्या पाठीवर मिनिटाला शंभरेक वेळा कळतं. घोड्याच्या अंगाची ऊब माणसापेक्षा किंचित जास्त, साधारण 38 अंश सेल्सिअस. आखडलेल्या मांड्या त्या उबेने सैलावतात. आता असा घोडा एका पायाने लंगडत असेल, तर ती विषम लय जशीच्या तशी मुलाच्या मणक्यात उतरते; चाक वाकडं झालेल्या गाडीतून खडबडीत रस्त्याने जावं तसं. म्हणून आमच्या पारखीत पहिला प्रश्न पायांचा. पशुवैद्य येतात, कडक जमिनीवर, मऊ जमिनीवर, सरळ, गोल, कदमात आणि दुडक्या चालीत घोडा फिरवला जातो. पावलं दोन्ही बाजूंनी सारखी पडली नाहीत तर पुढचं काही बघत नाहीत.

घोडा किती देऊ शकतो हे जगाने पाहिलं ते 1952 साली, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला होता. तेव्हा त्या तेविशीच्या आसपास होत्या, गरोदरही होत्या. गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे झाले. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना दुसऱ्याचा हात लागे. ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने उतरायची मुभा त्याच वर्षी प्रथम मिळाली होती, आणि हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवलं. 1956 मध्ये पुन्हा रौप्य. या प्रसंगाबद्दल लिहिताना सगळे त्यांच्या जिद्दीवर लिहितात, ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या घोडीबद्दल फार वाटतं. ज्युबिली तिचं नाव. घोड्याला स्वाराचा हुकूम मुख्यतः पोटरीच्या दाबातून कळतो. ज्या स्वाराच्या पोटऱ्यांत दाब उरलेलाच नाही, तिच्या पाठीचा आणि वजनाचा बारीकसा फेरबदल ओळखायला ज्युबिली शिकली. ती बधिर घोडी असती, तर हे शक्य झालं नसतं.

हार्टेल यांच्या यशानंतर युरोपात फिजिओथेरपिस्ट मंडळींनी घोड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. 1969 साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत या कामाच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. अमेरिकेतली ती संघटना आता ‘पाथ इंटरनॅशनल’ या नावाने चालते. घोड्याने दिवसाला फार तर सहा तास आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करू नये, असे तिचे दंडक आहेत. आमच्या पागेत आम्ही त्याच्या निम्म्यावरही जात नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

पाय चांगले, मग बांधा. इथे कुठलाही एक घोडा ‘चांगला’ ठरत नाही. कोणासाठी, ते बघावं लागतं. ज्या मुलाचे स्नायू ढिले आहेत, मान सावरत नाही, त्याला रुंद पाठीचा घोडा लागतो, म्हणजे बसायला पाया मोठा मिळतो. आणि चाल जराशी तुटक, चटचट पावलांची असली तर शरीर जागं राहतं. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याच्या मांड्या एकमेकींवर कातरीसारख्या आवळल्या जातात, त्याला रुंद घोड्यावर बसवणं म्हणजे छळ. त्याच्यासाठी अरुंद पाठीचा, लांब आणि संथ पावलं टाकणारा घोडा. उंची फार चालत नाही, कारण दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या मदतनिसांचा हात स्वाराच्या कमरेपर्यंत पोचायला हवा. वजनाचा हिशेबही कडक: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. साडेचारशे किलोंच्या घोड्यावर नव्वद किलो ही कमाल झाली; ज्याला तोल सांभाळता येत नाही असा स्वार काट्यावरच्या आकड्यापेक्षा पाठीला जास्त जड जातो, म्हणून आम्ही त्याच्याही खूप खाली राहतो. यामुळे काही मोठ्या माणसांना नकार द्यावा लागतो. तो नकार सांगायचं काम कुणालाच आवडत नाही, पण ते टाळून घोड्याच्या पाठीवर ढकलता येत नाही.

वय साधारण दहा ते अठरा. त्याआधी घोड्याने जग पाहिलेलं नसतं. बहुतेक घोडे अख्ते, म्हणजे खच्ची केलेले, किंवा वयाने पोक्त घोड्या. अंडील घोडा या कामाला कधीच घेत नाहीत.

आपल्याकडे घोडा पारखण्याचं शास्त्र जुनं आहे. शालिहोत्र ऋषींचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे, अज्ञातवासात विराटाची पागा सांभाळणारा नकुल आहे. आजही सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी अंगावरचे भोवरे बघतो. देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का, चारही पाय आणि कपाळ पांढरं म्हणजे पंचकल्याणी आहे का, कुठला भोवरा मालकाला वाईट. मला या परंपरेतली एक गोष्ट मनापासून आवडते: ती माणसं घोड्यासमोर तास तास उभी राहून त्याला बघतात. मात्र भोवऱ्यांवरून स्वभाव कळतो, यावर माझा विश्वास नाही. स्वभाव कळायला घोड्याला काहीतरी विचारावं लागतं.

आमचं विचारणं असं असतं. आधी मोकळ्या रिंगणात चेंडू, रंगीत कडी, छत्री, फडफडणारं प्लास्टिक. मग दोन माणसं दोन्ही खांद्यांना चिकटून चालतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटामागचा पट्टा सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. पळून जाणं हीच ज्याची आत्मरक्षा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाटा आपण बंद करतो. त्यानंतर चढण्याचा रॅम्प: दोन उंच कठड्यांमधली अरुंद गल्ली, तिच्यात घोड्याने येऊन थांबायचं, एका बाजूने व्हीलचेअर त्याच्या पाठीच्या उंचीला येणार, माणसं वरून वाकणार, एखादं मूल अचानक किंचाळणार, एखाद्याच्या पायाला झटका येऊन टाच बरगड्यांत बसणार. टाच मारली की पळायचं, हे घोड्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं. इथे त्याने ओळखायचं असतं की ही टाच हुकूम नाही. हे त्याला कसं कळतं, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

एकदा एक कुमेत घोडी आली होती. अंगावर तुकतुकी, पाय निर्दोष, चाल लांब आणि रेशमी. छत्री उघडली, ती हलली नाही. चेंडू पोटावर आपटला, हलली नाही. रॅम्पवर तर पुतळ्यासारखी उभी. आमच्यातल्या नव्या मंडळींचे चेहरे उजळले. आमच्या पागाप्रमुख बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिच्या तोंडावरची दोरी काढली, तिला गवताच्या कुरणात नेऊन सोडलं आणि कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. घोडी जिथे सोडली तिथेच उभी. शेजारच्या कुरणातले घोडे कुंपणाशी येऊन फुरफुरले, तिने कान वळवला नाही. पायाशी ओलं हिरवं गवत, तिने मान खाली घातली नाही. डोळ्यांच्या वर खळगे, वरची पापणी कोनात ओढलेली, नाकपुडी आवळलेली, हनुवटी घट्ट. बाई म्हणाल्या, “ही शांत नाहीये. हिने बोलणं सोडलंय.” मालकाला पशुवैद्याकडे तिचं पोट दाखवायला सांगून तिला परत पाठवलं.

त्या दिवशी मला साताऱ्याच्या एसटी स्टँडसमोरचा टांगा आठवला. डोळ्यांना झापडं, मान खाली, एक मागचा खूर सैल टेकवलेला. वरात वाजत गेली, ट्रकचा हॉर्न कानात वाजला, तरी तो घोडा ढिम्म. सगळे त्याला गरीब म्हणत आणि आम्हा मुलांना त्याच्याजवळ जाऊ देत. टांगेवाल्यांचं घर त्या घोड्यावर चालत होतं, त्यांना दोष द्यायचा नाही. पण तो घोडा स्वभावाने तसा होता की रोजच्या ओझ्याने तसा झाला होता, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं. सोशिकपणाचं कौतुक आपण फार करतो, जनावराच्याही आणि माणसाच्याही. या कामात ते कौतुक धोक्याचं आहे. ज्याने सांगणं सोडलंय, तो कधी ना कधी एकदम सांगतो, आणि त्या वेळी त्याच्या पाठीवर मान न सावरणारं मूल असू शकतं.

म्हणून आम्ही न बिचकणारा घोडा शोधत नाही. बिचकून मग विचारणारा शोधतो. आमच्याकडचा फ्योर्ड जातीचा घोडा तसा आहे. नॉर्वेची ही जात. रंग पिवळसर मातकट, आयाळ उभी, कडांना पांढरी आणि मध्ये काळी पट्टी, बांधा ठेंगणा, पाठ रुंद. पहिल्या दिवशी फुगा दिसल्यावर तो चार पावलं बाजूला उडाला. मग थांबला, मान लांब केली, जोराने श्वास सोडला आणि स्वतःहून फुग्याकडे गेला. नाकाने त्याला ढकलून पाहिलं. आमच्या गटात त्याच क्षणी मतं जुळली. तरीही महिना-दोन महिने चाचणीवर ठेवला. आधी मोठे तयार स्वार, मग मुलं. तो अंगाने जे बोलत असे ते ऐकायला शिकणं, हे आमचं काम होतं. शेपटीचा एक झटका, तंग आवळताना मागे वळून बघणं, उगाच जांभया, दात करकरणं, कान मागे पण डोळा मऊ, कान मागे आणि डोळा कठीण: यांतलं प्रत्येक वेगळं असतं.

हे आता केवळ अनुभवी माणसांच्या नजरेवर सोपवलेलं नाही. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटनच्या पशुवैद्य सू डायसन यांनी स्वार बसलेला असताना दिसणाऱ्या चोवीस वर्तनांची यादी केली. त्यांतली आठ किंवा जास्त दिसली तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याचा संशय घ्यायचा. ही यादी आमच्या खोगिरांच्या खोलीत भिंतीवर लावलेली आहे. तिथे येणारे शाळकरी स्वयंसेवकही ती वाचतात, आणि ‘आज हा हट्टीपणा करतोय’ असं म्हणायच्या आधी थांबतात.

गेल्या हिवाळ्यानंतर त्या फ्योर्डने रॅम्पच्या तोंडाशी येऊन मान वळवायला सुरुवात केली. ओढला तर आला असता. ओढायचं नाही, हा आमचा नियम. त्याला सुट्टी दिली, पशुवैद्य आणले. हिवाळ्यात कामाविना त्याच्या पाठीचे स्नायू उतरले होते आणि तेच जुनं खोगीर आता खांद्यामागे टोचत होतं. खोगीर बदललं, काही आठवडे स्वार न बसवता नुसतं लांब दोरीवर फिरवून पाठ भरून आणली. तो पुन्हा रॅम्पवर स्वतःहून चढला.

त्याच सुमाराला एक मराठी कुटुंब आलं, चिंचवडहून नोकरीसाठी इकडे आलेलं. सहा वर्षांचा मुलगा, पाय आखडलेले. आईने माझं बोलणं ऐकून विचारलं, “ताई, तुम्ही मराठी? मग खरं सांगा, हा घोडा उधळणार नाही ना?” मी सांगितलं, घोडा आहे, उधळणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण उधळायच्या आधी तो दहा वेळा सांगतो, आणि ते ऐकायला त्याच्या तोंडाशी एक आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस आहे. तिला हे उत्तर पुरेसं वाटलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मुलाला आम्ही फ्योर्डवर बसवलं नाही; त्याच्या मांड्यांना ती पाठ फार रुंद होती. अरबी मिश्र जातीच्या एका अरुंद, म्हाताऱ्या घोडीवर, खोगिराऐवजी लोकरीची जाड घडी टाकून बसवलं. पहिल्या फेरीत तो पुढे वाकून आयाळीत बोटं रुतवून होता. अर्ध्या तासाच्या शेवटी टाचा जराशा खाली आल्या होत्या. एवढंच. तो चालायला लागेल असं आम्ही कुणालाच सांगत नाही. बसण्यातला ताठपणा कमी होतो, मान जास्त वेळ उभी राहते, जेवताना पाठीला टेकू कमी लागतो, असे फरक पडतात, काही मुलांत पडतात, आणि ते त्या घरांसाठी मोठे असतात.

निगेची बाकी कामं बाहेरून कंटाळवाणी दिसतात आणि मला तीच सगळ्यात प्रिय आहेत. सकाळी खरारा करताना हात सगळ्या अंगावरून फिरतो. कुठे अंग गरम लागतंय, कुठे कातडी थरथरते, ते बोटांना डोळ्यांआधी कळतं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, म्हणून रिकाम्या पोटी कामाला न्यायचं नाही. आधी थोडं वाळलेलं गवत द्यायचं. चंदी कमी आणि गवत जास्त. अंगाला किंवा शेपटीला भुसा चिकटलेला दिसला की बरं वाटतं: रात्री तो आडवा झाला होता. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ स्वप्नांची झोप त्याला आडवं होऊनच लागते, आणि जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे तो आडवा होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाकीच्या घोड्यांबरोबर कुरणात मोकळे तास. त्या तासांत त्याच्याकडून कुणी काही मागायचं नाही. भेटायला आलेल्या पाहुण्यांनाही मी तेव्हा कुंपणाबाहेर ठेवते.

सगळ्यांत अवघड प्रश्न शेवटी येतो. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. हे काम त्याला फार तर विशीपर्यंत झेपतं. पुढे? घोड्यांची कत्तल करणारे अमेरिकेतले शेवटचे कारखाने 2007 मध्ये बंद झाले, पण त्यानंतरही लिलावांतून घोडे मेक्सिको आणि कॅनडाकडे ट्रकने जात राहिले. ज्या घोड्याने शेकडो मुलांना पाठीवर घेतलं, त्याने त्या ट्रकमध्ये जाऊ नये, एवढं तरी त्याच्या पाठीवर चाललेल्या संस्थांनी बघायलाच हवं. काही केंद्रं घोडा घेतानाच मूळ मालकाकडून परत घेण्याचं लिहून घेतात. मालक म्हातारे होतात, शेत विकतात, फोन लागत नाहीत. देणगीदारांना नव्या घोड्यासाठी पैसे द्यायला आवडतं, रॅम्पसाठी आवडतं. काम न करणाऱ्या घोड्याच्या गवतासाठी पैसे मागितले की बैठकीत खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. मी ते मागते. फ्योर्डचे तास येत्या वर्षापासून कमी होणार आहेत आणि त्यानंतर तो इथेच राहणार आहे, असा ठराव आम्ही या वसंतात करून घेतला. मसुद्यात ‘योग्य ती काळजी’ एवढंच लिहिलं होतं. ते खोडून मी लिहायला लावलं: खुरांची छाटणी दर सहा ते आठ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा, पशुवैद्याची तपासणी कामावरच्या घोड्याइतकीच, आणि कुरणात त्याच्याबरोबर किमान एक घोडा.